एकच पट्टी, दोन भाऊ

रुग्ण पुरुष, वय ५२, यंत्रमाग कामगार, राहणार सोलापूरच्या पूर्व भागात. टॉवेलच्या कारखान्यात ३० वर्षे उभ्याने काम, पाळी १२ तासांची. तक्रार : डाव्या पायाच्या आतल्या घोट्याच्या जरा वर ३ वर्षांपासून न भरणारी जखम.

केसपेपरवर एवढेच मावले. बाकीचे प्रकरण पुढच्या वर्षभरात उलगडले, आणि त्यातला निम्मा भाग या रुग्णाचा नव्हताच, त्याच्या थोरल्या भावाचा होता. म्हणून दोघांचे मिळून लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. धाकट्याला मी अण्णा म्हणायचो, थोरल्याला अण्णा ‘आमचे दादा’ म्हणत. इथेही तीच नावे चालवतो.

होळी होऊन आठवडा झाला होता. अण्णा आले तेव्हा पायावर क्रेप बँडेजचा एकच पट्टा होता, नेमका जखमेवर, बांगडीसारखा आवळलेला. खाली पाऊल फुगलेले, वर पोटरी फुगलेली, मधे खाच.

“दाबून बांधलं की भरतं म्हणाले, म्हणून घट्ट बांधलो. पाय जास्तच फुगायलंय बघा.”

कोण म्हणाले ते त्यांनी सांगितले, ते इथे नको. दाबून बांधायचे हे खरेच होते. कुठून कुठपर्यंत, एवढेच सांगणाऱ्याने सांगितले नव्हते.

पट्टी सोडली. जखम तळहाताच्या निम्म्याएवढी, उथळ, कडा वेड्यावाकड्या, तळाशी पिवळट चिकट थर, ओल भरपूर. भोवतीची कातडी काळपट तपकिरी आणि टणक. मांडीपासून खाली गाठाळलेल्या, वळवळीत शिरा. रोग ओळखायला एवढे पुरेसे होते. तीन वर्षांत त्या जखमेवर हळद, झेंडूचा पाला आणि नाना तऱ्हेची मलमे लागली होती. अँटिबायोटिकचे किती कोर्स झाले याचा हिशेब त्यांच्याकडेही नव्हता.

जखम कातडीला होती, पण दुखणे शिरांचे होते. माणूस उभा असला की घोट्यापाशी शिरेतला दाब साधारण ९० मिलिमीटर पारा असतो, कारण तिथून हृदयापर्यंतच्या रक्ताचा सगळा भार त्या जागेवर येतो. चालू लागले की पोटरी शिरांना पिळते, शिरांतल्या झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत आणि दाब २०-३० पर्यंत उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही तो पुरता उतरत नाही. आणि मागावरचा माणूस चालतो तरी कुठे? दोन पावले या मागाकडे, दोन त्या मागाकडे, तुटला धागा जोड, धोट्यातली कांडी बदल, परत उभा. तेवढ्या हालचालीने पोटरीला कसले काम होणार? मग बारीक वाहिन्यांतून पाणी, प्रथिने आणि तांबड्या पेशी बाहेर झिरपत राहतात. कातडीचा तो तपकिरी रंग या पेशींतल्या लोहाचा. अशी कातडी डास चावून खाजवले तरी फुटते आणि फुटली की मिटत नाही.

प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस याच्या परंपरेतल्या ग्रंथात पायाला व्रण असेल तर उभे राहणे बरे नाही, असा सल्ला आहे. सव्वादोन हजार वर्षांहून जुना आणि आजही बिनचूक. अण्णांना तो सांगायचा म्हणजे घरी बसा म्हणायचे. घरी बसून पगार कोण देणार? त्यांची बायको घरी विड्या वळते, तेवढ्यावर घर चालत नाही. म्हणून मला या उपचाराच्या इतिहासात सगळ्यात जवळचा माणूस वाटतो तो इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा शल्यवैद्य थॉमस बेंटन. १७९७ साली त्याने पायाच्या जुन्या जखमांवर चिकटपट्टीच्या पट्ट्या एकावर एक चढवत पायाभोवती गुंडाळण्याची रीत पुस्तकात मांडली. त्या काळी अशा रुग्णाला महिनोन्‌महिने खाटेवर झोपवत. बेंटनच्या रीतीत रुग्ण हिंडता-फिरता राहू शकत होता. गोरगरिबांच्या पायाचा विचार त्यात पहिल्यांदा झाला, असे माझे मत आहे.

बेंटनच्या आधीही पाय बांधले जातच होते. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा शल्यवैद्य रिचर्ड वाइझमन याने १६७६ च्या आपल्या ग्रंथात अशा पायांसाठी नाडीने आवळायचा चामडी मोजा सांगितला आहे. गंमत अशी की शिरांमधल्या झडपांचे वर्णन इटलीतल्या फॅब्रिशियस या शरीररचनातज्ज्ञाने १६०३ मध्येच छापले होते, आणि त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले. पण पाय बांधणारे हात या दोघांच्या कितीतरी शतके आधीपासून बांधत होते. गुण का येतो हे कळायच्या आधी गुण येतो हे कळले होते.

मी मात्र लगेच बांधले नाही. अण्णा स्वतःही विडी ओढत. विडीने पायाच्या रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या, अरुंद होतात, आणि रक्त वरून खालीच नीट पोहोचत नसेल तर बाहेरून दाबणे म्हणजे उरलेसुरले पाणीही बंद करणे. रक्ताचा प्रवाह ऐकवणारी डॉप्लरची पेन्सिल घोट्यावर ठेवली, रक्तदाबाचा पट्टा फुगवला, आवाज ऐकला. दंडाचा वरचा दाब १२८, घोट्याचा ११८. भागाकार ०.९२. हा आकडा ०.८ च्या खाली गेला तर पूर्ण दाबाने बांधायचे नाही, आणि ०.५ च्या खाली गेला तर बांधायचेच नाही. अण्णांचा पाय बांधण्याजोगा होता. सोनोग्राफीत मांडीची वरवरची मोठी शीर उलटी वाहताना दिसली, खोलवरच्या शिरा मोकळ्या होत्या.

लंडनच्या चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलने १९८० च्या दशकात चार थरांची पट्टी रूढ केली : खाली कापूस, मग क्रेप, मग ताण देणारी लवचीक पट्टी, वरून स्वतःलाच चिकटणारी. घोट्यापाशी सुमारे ४० मिलिमीटर पाऱ्याचा दाब, आणि तो आठवडाभर टिकावा अशी बेतलेली. सोलापूरच्या मार्च-एप्रिलमध्ये चार थर आठवडाभर पायावर ठेवा म्हणायला माझी जीभ वळेना. शिवाय चौथा थर धुता येत नाही, दर वेळी नवा घ्यावा लागतो. मी तीनच थर ठेवले आणि बदल आठवड्यातून दोनदा. हा माझा घरगुती बदल, पुस्तकातला नव्हे.

शिकवण्याची मला धास्ती होती. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही सारखा ताण ठेवणे महिनाभर जमत नाही. पाऊण शक्ती घोट्यावर, पोटरीवर हात सैल, मधेच सुरकुती. अण्णांना सांगायला लागलो : बोटांच्या मुळापासून सुरुवात, टाच झाकायची, गुडघ्याखाली दोन बोटांवर थांबायचे, प्रत्येक फेरा मागच्या फेऱ्याचा निम्मा भाग झाकील असा, आणि ताण—

“ताण सारखा. भीम भरतो तसं,” ते म्हणाले.

भीम म्हणजे मागावरचा बीम, ताण्याचे हजारो धागे एकाच ताणाने ज्याच्यावर गुंडाळतात तो. एका बाजूला ताण कमी पडला की कापड झोळते. हे त्यांना ३० वर्षे ठाऊक होते. मी क्रेपवर मार्करने छोटे आयत काढून दिले होते, ताणल्यावर त्यांचा चौरस झाला की ताण बरोबर. ते आयत त्यांनी दुसऱ्या दिवसापासून बघितलेही नाहीत. पट्टी हातात घेऊन उजेडाकडे धरली, बोटाने उसवून पाहिली आणि मलाच समजावले की हिची ओढ रबराची नाही, सुताला दिलेल्या जादा पिळाची आहे. पीळ उलगडतो आणि परत बसतो. धुऊन धुऊन पीळ मेला की पट्टी मेली. हे त्यांनी सांगितले ते अगदी खरे. साधी क्रेप बांधल्यावर काही तासांतच बराच दाब हरवते, हे तपासून झालेले आहे. म्हणून तर तिच्यावर रबराची पट्टी लागते.

ताण सारखा ठेवूनही दाब सगळीकडे सारखा येत नाही. तो येऊही नये. एकाच ताणाची पट्टी बारीक गोलाईवर जास्त दाबते, जाड गोलाईवर कमी. हा लाप्लासचा नियम. घोटा बारीक, पोटरी जाड, त्यामुळे खाली जास्त आणि वर कमी असा दाबाचा उतार आपोआप मिळतो आणि रक्त वर ढकलले जाते. मात्र नडगीच्या धारेवर गोलाई सगळ्यात बारीक, म्हणून तिथे कापूस जास्त भरायचा, नाहीतर हाडावर चामडे कापते. सुश्रुतसंहितेत बंधांचे १४ प्रकार आणि आवळण्याचे तीन दर्जे आहेत : गाढ, सम, शिथिल. मांडी, काख, डोके इथे गाढ. डोळे आणि सांधे इथे शिथिल. आणि हातापायांना सम. सुश्रुताचा विषय व्रण बांधण्याचा होता, शिरांतल्या दाबाचा नव्हे, तेव्हा ‘आमच्याकडे हे आधीच होते’ असा बाण कोणी मारू नये. पण जागा पाहून ताण ठरवायचा, ही नजर त्यात आहे.

तिसऱ्या आठवड्यात अण्णांनी आणखी एक सांगितले. लहानपणी गावाकडच्या विहिरीत पोहायचे, आता पुतण्यांबरोबर कधीमधी उतरतात. “छातीपर्यंत पाण्यात उभा राहिलो की पाय हलका. दुखणं जातंच. बाहेर आलो की परत.”

मी खुर्चीत सरळ बसलो. कारण नेमके हेच अमेरिकेत ओहायोमधल्या टोलेडो गावी कॉनराड जॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला जाणवले होते. त्याच्या स्वतःच्या पायांना शिरांच्या जखमा होत्या, आणि पोहण्याच्या तलावात उभे राहिले की त्याला आराम पडे. त्याने ताडले की पाणी खोल जाईल तसे जास्त दाबते, म्हणजे घोट्याला सर्वांत जास्त, वर कमी कमी. १ मीटर पाण्याचा दाब जवळजवळ ७४ मिलिमीटर पारा होतो. छातीइतक्या, म्हणजे सव्वा मीटर पाण्यात घोट्यावर ९० च्या आसपास. शिरेत आतून ९०, बाहेरून पाण्याचे ९०. फिटंफाट! पाण्याचा हा उतार कापडात आणायचा, या खटपटीतून १९५० च्या सुमारास खाली घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे त्याने बनवले. लवचीक मोजे त्याच्या आधी शंभर वर्षे होते. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये रबर गंधकासह तापवून टिकाऊ करायचे साधले, आणि १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये लवचीक मोज्यांचे पेटंटही निघाले. पण घट्ट म्हणजे किती, आणि कुठे किती, हे गणित जॉब्स्टचे. पाय त्याचा स्वतःचा होता म्हणून ते सुचले असावे.

अण्णांना हे सांगितले तर म्हणाले, “मग मी पण इंजिनिअरच की.”

एप्रिल-मे वाईट गेले. पारा ४३ वर, कारखान्यात पत्रा, पायाला तीन थर. दोनदा त्यांनी दुपारी पट्टी सोडून टाकली आणि मला खोटे सांगितले. पायावरची सूज खोटे बोलत नाही. मी रागावलो नाही. मालकाला भेटून पाळी रात्रीची करून घेतली, एवढेच. हॅम्बुर्गच्या पॉल उना या त्वचारोगतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झिंक ऑक्साइडच्या लेपाची, पायावर सुकून टणक होणारी पट्टी काढली होती, ती अजून वापरात आहे. मी ती मे महिन्यात एकदा लावून पाहिली. घाम आणि लेप यांचा जो काला झाला त्यानंतर पुन्हा नाव काढले नाही.

जूनमध्ये कडा आत सरकू लागल्या. २१ व्या आठवड्यात जखम बंद झाली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो, पद्मशाली समाजाचा सोलापुरातला सगळ्यात मोठा दिवस. त्या मिरवणुकीत अण्णा पायाला पट्टी बांधून सगळ्या वाटेने चालले. पट्टी बांधून चालणे हाच खरा उपचार, तेव्हा मी नको म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. नंतर त्यांना मापाचे मोजे दिले आणि उलटी वाहणारी शीर बंद करायला लेसर करून घ्या असे सांगितले. इंग्लंडमधल्या एका चाचणीचा निकाल २००४ मध्ये आला : बांधण्याला शिरेवरच्या शस्त्रक्रियेची जोड दिली तर जखम लवकर भरत नाही, पण वर्षभरात परत फुटण्याचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १२ वर येते. २०१८ च्या दुसऱ्या चाचणीत शीर सुरुवातीलाच बंद केली तर भरणेही लवकर होते असे दिसले. म्हणजे मी लेसरचा आग्रह मार्चमध्येच धरायला हवा होता. धरला असता तरी पैशाअभावी ते झाले नसते, हे निराळे.

इथे प्रकरण संपले असे मी समजलो.

दिवाळीनंतर एका सकाळी अण्णा दादांना रिक्षातून घेऊन आले. दादांचे वय ६०, तेही चादरीच्या मागावरून निवृत्त, १५ वर्षांचा मधुमेह, विडी चालू. दोन्ही पायांना संध्याकाळी थोडी सूज येई. धाकट्याचा पाय बरा झालेला घरातल्या सगळ्यांनी पाहिला होता. मोजे आल्यामुळे पट्ट्यांचा जोड धुऊन ठेवलेला होता. अण्णांनी रात्री झोपताना थोरल्या भावाचा उजवा पाय बांधून दिला.

मी पट्टीचे फेरे पाहिले. बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत, निम्मा फेरा झाकणारा फेरा, एक सुरकुती नाही. माझ्या दवाखान्यात कोणाला इतकी सुबक बांधता आली नसती.

सोडली तर नडगीवर दोन बोटे रुंद काळसर निळा पट्टा, अंगठा पांढराफटक, थंड. पाय पिळवटल्यासारखा दुखतो आहे असे दादांनी रात्री दोनदा सांगितले, आणि अण्णांनी समजूत घातली की पहिले चार दिवस दुखतेच. ते वाक्य माझे होते. मार्चमध्ये मीच अण्णांना सांगितले होते.

पावलावरच्या नाड्या हाताला लागेनात. घोट्याचा दाब मोजू गेलो तर पट्टा २२० पर्यंत फुगवूनही आवाज थांबेना. नुसता आकडा पाहणाऱ्याला वाटावे, दाब उत्तम आहे. तो मधुमेहाचा चकवा : रोहिणीच्या भिंतीत कॅल्शियम बसून ती नळीसारखी कडक होते आणि दाबली जात नाही. आकडा सोडून आवाज ऐकला. निरोगी रोहिणीचा आवाज तीन ठोक्यांचा, फटकेदार असतो. इथे एकच लांबट, थकलेला सुस्कारा होता. अर्धा फर्लांग चालले की पोटरीत गोळा येतो, हे त्यांनी विचारल्यावर सांगितले. दोन वर्षांपासून येत होता. सूज होती ती वेगळ्याच कारणाची : रात्रीही दुखतो म्हणून ते पाय खाली लोंबता ठेवून बसून झोपत.

त्याच दिवशी पुढे पाठवले. मांडीतल्या रोहिणीत फुगा घालून वाट मोकळी केली. नडगीवरचा पट्टा भरायला सात महिने लागले. अंगठा गेला.

हातापायांतले रक्ताभिसरण सुधारायला बाहेरून दाब द्यायचा, ही कल्पना रोहिणीच्या रोगातही लोकांनी लढवून पाहिली आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीत पाय काचेच्या बुटात ठेवून आळीपाळीने दाब आणि ओढ देणारे यंत्र वापरात आले होते. आजही दमादमाने फुगणारे पट्टे काही ठिकाणी वापरतात. पण तो दाब क्षणभराचा, लगेच सुटणारा. रात्रभर न सुटणारा दाब ही वेगळी गोष्ट. घोट्याच्या दाबावरून रोहिणीचा रोग ओळखायचे काम ट्रॅव्हिस विन्सर या अमेरिकी डॉक्टरने १९५० मध्ये मांडले, जॉब्स्टचे मोजे आले त्याच सुमारास. तरीही १९८७ मध्ये स्कॉटलंडमधल्या शल्यवैद्यांना विचारले तेव्हा पट्ट्या-मोज्यांनी पाय खराब झाल्याची, काहींचे तर कापावे लागल्याची, प्रकरणे पुढे आली. कसे आवळायचे हे शिकण्यात माणसाने शतके घालवली. कोणाला आवळायचे नाही, हे मोजायला लागून शंभर वर्षेही झालेली नाहीत. सुश्रुताने पट्टी न बांधण्याच्या व्रणांची यादी दिली आहे, तीत मधुमेह्यांच्या पिडका, म्हणजे पुळ्या-गळवे, आहेत. त्याची कारणमीमांसा आपली नव्हे. पण त्याच्याकडे ‘नको’ची यादी होती.

माझ्याकडे नव्हती. अण्णांना दिलेला माझा कागद अजून आहे. मराठीत, मोठ्या अक्षरांत, पाच चित्रे. कुठून सुरू करायचे, कुठे थांबायचे, कशी धुवायची, सावलीत कशी वाळवायची. ही पट्टी दुसऱ्या कोणाच्या पायाला बांधू नका, असे एक वाक्य त्यात नाही. घरात कोणाला मधुमेह आहे का, असे मी पाच महिन्यांत एकदाही विचारले नाही. चादर, सायकल, औषधाची गोळी, सगळे ज्या घरात वाटून वापरतात तिथे पट्टी तेवढी एकट्याची राहील असे मी का धरले, कोण जाणे.

दादांनी भावाला एका शब्दाने बोल लावला नाही. अण्णा मात्र महिनाभर दवाखान्यात आले नाहीत. मीच पूर्व भागात गेलो होतो तेव्हा घरी डोकावलो. दोघे भाऊ ओट्यावर होते, आतून तंबाखूचा वास, वहिनी सुपात पाने कापत बसलेल्या. दादांनी विडी सोडली आहे असे अण्णांनी सांगितले. दादा गप्प राहिले. कागदात नवे वाक्य घातल्याचे मी सांगितले, आणि ते सगळ्यात वर, लाल शाईत आहे हेही. अण्णांनी तो हातात घेऊन वाचला, घडी केली नि खिशात ठेवला.

“त्या पट्ट्या कुठे आहेत?” मी विचारले.

त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवले. कांड्यांची जुनी पेटी होती, तिचे झाकण नीट बसत नव्हते. तिच्याभोवती क्रेपचे चार फेरे होते, ताण सारखा.

“पीळ मेलाय तिचा,” ते म्हणाले. “आता पायाला बांधली तरी काही होत नाही.”